उठण्यासाठी किती वाजताचा गजर लावू?

१८ जानेवारी, रविवार. सकाळी नऊ वाजता मी तारांचा डबा उपसायला घेतला. मिठाईचा जुना पत्र्याचा डबा आहे. गेल्या पंधरा वर्षांत या घरात आलेल्या आणि बंद पडलेल्या प्रत्येक यंत्राची तार त्यात जाते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, डबा उलटा केला आणि गाठी सोडवायला बसले. अकरा चार्जर निघाले. त्यातले चार ज्या फोनांचे होते ते फोन आता भंगारातही दिसत नाहीत. सगळ्या यंत्रांना एकाच तोंडाची तार ही माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली एकमेव खरी प्रगती आहे. बाकी बरीचशी जाहिरात.

अशी मतं मी दर रविवारी आमच्या या हिंदीभाषक शहरातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकते. मी विजय नगरमधल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते, त्यामुळे लोकांचा समज असा की मला सगळं कळतं. मीही तो समज कधी मोडला नाही. घडीचा फोन घ्यावा का? मी लिहिलं होतं, घडी घालायच्या वस्तू दोन, पोळी आणि साडी. झोप मोजणारं घड्याळ? झोप नीट झाली की नाही ते मला उठल्यावर कळतं, त्यासाठी मनगटाला विचारावं लागत नाही. एआयवाले मेमरीच्या चिप्स पोत्यानं उचलतायत, लॅपटॉप महाग होणार, मुलीला घेऊन द्यायचा असेल तर उन्हाळ्याची वाट पाहू नका. वॉशिंग मशीनमध्ये एआय आहे असं सांगणाऱ्या दुकानदाराला विचारा की ते काय विचार करतं. लोकांना हे आवडतं. बायका हसण्याची चित्रं टाकतात, पुरुष अंगठा.

त्या रविवारी मात्र ग्रुपवर आधीच एक प्रश्न येऊन पडला होता. मंडळातल्या एका बाईंनी विचारलं होतं, "ताई, तुम्ही बाबांसाठी घेतला होता तो बोलता डबा कसा चाललाय? आमच्या आईसाठी घ्यायचा विचार आहे." प्रश्न सकाळी साडेसातचा होता. मी साडेसातलाच वाचला होता आणि मग तारांचा डबा काढला होता.

बाबा, म्हणजे माझे वडील, एकोणऐंशी वर्षांचे आहेत. डिफेन्स फॅक्टरीत तपासणी विभागात होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मदन महाल भागात बांधलेल्या घरात आता एकटेच राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी एक बाई येऊन झाडू-पोछा आणि स्वयंपाक करून जाते. मी एक दिवसाआड जाते. दादा पुण्यात असतो. बाबांना एकटं ठेवणं त्याला पहिल्यापासून पटलेलं नाही, आणि बाबांना ते घर सोडणं पटत नाही. या ओढाताणीत मध्ये मी. दिवाळीत मला वाटलं, आपल्याला उत्तर सापडलं.

उत्तर म्हणजे हातात मावेल एवढा गोल डबा, भिंतीवर लावायचा. घरात कोणी पडलं, घाबरलं, तर ठरलेलं वाक्य म्हणायचं. डबा ते ओळखतो आणि यादीतल्या लोकांना फोन लावतो. मुख्य म्हणजे मराठी समजतं असं खोक्यावर लिहिलेलं. मी महिनाभर परीक्षणं वाचली, मायक्रोफोन किती लांबचं ऐकतो ते पाहिलं, वीज गेली तर बॅटरी किती टिकते ते पाहिलं. एखादी गोष्ट घ्यायच्या आधी मी अशीच कसून पाहते आणि मला त्याचा अभिमान होता.

लावायच्या दिवशी बाबा खुर्चीत बसून पाहत होते.

"काय म्हणायचं याला?"

"मदत करा."

"कोणाला म्हणायचं?"

"कोणाला नाही. नुसतं म्हणायचं."

"असं कोण म्हणतं बेटा? पडलो तर मी म्हणीन, अरे कोणी आहे का. नाहीतर तुला हाक मारीन."

"बाबा, ते यंत्र आहे. त्याला तुमचं येऊन राहिलो, जाऊन राहिलो नाही समजत. सरळ मराठी लागतं."

"म्हणजे मी वाकडं बोलून राहिलो का?"

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी शाळेत उभं राहून कविता म्हणावी तसं तीनदा म्हटलं, "मदत करा. मदत करा. मदत करा." माझा फोन वाजला. त्याचा मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. त्या आठवड्यात इतके अंगठे आले की मोजणं सोडून दिलं. मग मी बाबांना सांगितलं, आता फोन सारखा खिशात ठेवायची गरज नाही. त्यांच्या पलंगाखाली एक स्टीलची थाळी आणि चमचा असायचा, गरज पडली तर वाजवून शेजारच्या भाभींना बोलवायला. तीही मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. धूळ बसत होती.

इथे आणखी एक सांगायला हवं. ॲपमध्ये दहा वाक्यं भरायची सोय होती. मी एक भरलं. बाकीच्या नऊ जागा मला दिसल्या होत्या. मी त्या रिकाम्या ठेवल्या कारण एकाच गोष्टीची दहा नावं मला अव्यवस्थित वाटतात.

पण कारण तेवढंच नाही. मीही 'करून राहिली' म्हणतच मोठी झाले. तेविसाव्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला गेले. हॉस्टेलवर पहिल्याच संध्याकाळी खोलीतल्या मुलीला मी विचारलं, "काय करून राहिली?" ती म्हणाली, "केलं की राहिलं, एक काहीतरी ठरव." सगळ्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण तीन महिन्यांत माझं 'राहिली' गेलं, 'काहून' गेलं, 'बाप्पा' गेलं. पुढे लग्न होऊन इथेच परत आले तरी ते परतलं नाही. बाबांचं बोलणं मला आवडायचं, पण घरात, दार लावून. यंत्राला मराठी शिकवायची वेळ आली तेव्हा मी त्या हॉस्टेलचं मराठी शिकवलं.

गेल्या गुरुवारी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बाई पोछा मारून गेली आणि बाबा ओल्या फरशीवर घसरले. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात. दार नुसतं लोटलेलं होतं. दीड तासानं शेजारच्या भाभी वाटीत तिळाचे लाडू घेऊन आल्या तेव्हा बाबा त्यांना दिसले. फोन खोलीत चार्जिंगला लागलेला. भिंतीवर डबा, त्याचा हिरवा दिवा लागलेला. माझा फोन मात्र वाजला नव्हता. मी लॅबमध्ये प्रॅक्टिकल घेत होते.

नेपियर टाउनमधल्या दवाखान्यात डाव्या मनगटाला प्लास्टर घातलं. बाकी काही मोडलं नव्हतं. तिथल्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो तेव्हा दादाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, शब्द काय होता तो? आठवतो?"

"मदत करा," बाबा म्हणाले.

"मग तेव्हा का नाही म्हणालात?"

बाबा प्लास्टरकडे पाहत राहिले. "म्हटलं असेल. नसेल. घाबरलो होतो ना."

"यंत्र तर चालू होतं?" दादानं मला विचारलं.

"चालू होतं."

"मग?"

"गोंधळले असतील रे," मी म्हणाले.

तेवढंच म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं. पण ते किती पटकन वाटलं! आधी यंत्र तपासावं, वाक्य तपासावं, असं मी कोणत्याही विद्यार्थ्याला सांगितलं असतं. बाबांच्या बाबतीत मी थेट माणसाला नापास केलं.

"हेच तर," दादा म्हणाला. "आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले. मी बुधवारी येतो. त्यांना घेऊन जातो. आता वाद नको."

आईच्या शेवटच्या तीन वर्षांत तिला आमची नावं आठवत नव्हती. त्यामुळे दादाचं चूक म्हणता येत नव्हतं. ऑटोत बसल्यावर बाबा म्हणाले, "विसरलोच असेन बेटा. तुझ्या आईलाही कळायचं नाही की ती विसरून राहिली."

शुक्रवारी दुपारी लॅब रिकामी होती. मी ॲप उघडलं. डब्याला जे जे ऐकू येतं त्याची तो नोंद ठेवतो, काय ऐकलं आणि काय उत्तर दिलं. परीक्षणांमध्ये ही सोय मी वाचली होती आणि मला ती फार आवडली होती. गुरुवारच्या, बाबांच्या आवाजातल्या सतरा ओळी होत्या. सगळ्या देत नाही.

पहिली दहा बावन्नची. अरे बाप्पा. उत्तर: माफ करा, समजलं नाही.

अरे कोणी आहे का. माफ करा, समजलं नाही.

पोरीला बोलाव. तुमच्या यादीत 'पोरीला' या नावाचं कोणी नाही.

यादीत मी माझं पूर्ण नाव घातलं होतं, आडनावासकट.

उठता नाही येऊन राहिलं. उठण्यासाठी किती वाजताचा गजर लावू?

काहून कोणी येऊन नाही राहिलं. माफ करा, समजलं नाही.

थंड लागून राहिलं. आज शहरात हवा कोरडी राहील.

मदद करो भैया. माफ करा, मला फक्त मराठी समजतं.

ही ओळ मी परत वाचली. ते विसरले नव्हते. शब्द त्यांना आठवत होता, फक्त ज्या भाषेत हा माणूस साठ वर्षं घराबाहेर मदत मागत आला त्या भाषेत आठवला. त-द चा फरक. आणि मला फक्त मराठी समजतं हे उत्तर माझ्यामुळे होतं. भाषा निवडताना 'मराठी व हिंदी' असाही पर्याय होता. भेसळ नको म्हणून मी घेतला नव्हता.

त्यांची शेवटची ओळ अकरा चाळीसची. राहू दे.

उत्तर: ठीक आहे.

सतरा ओळींत यंत्राला तेवढीच एक नीट समजली होती. त्यानंतर भाभींच्या "अरे बाबूजी!" पर्यंत पाऊण तास नोंद नाही.

मी ॲप बंद केलं. चार वाजताची बॅच आली, मी त्यांना शिकवलं. घरी जाऊन भाजी चिरली. दादाला फोन केला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. स्वतःला सांगत होते की तिकीट निघालंय, प्लास्टर आहे, पुण्यात देखरेख चांगली होईल. हे सगळं खरंही होतं. पण फोन न करण्याचं कारण ते नव्हतं. तो व्हिडिओ होता, ते अंगठे होते, आणि 'गोंधळले असतील' हे मी बाबांसमोर म्हटलं होतं.

शनिवारी मदन महालला गेले तेव्हा दारातून आवाज आला. "मदत करा. मदत करा." मी धावत आत गेले. बाबा भिंतीसमोर उभे होते, डावा हात गळ्यात अडकवलेला. डब्याखाली त्यांनी कागद चिकटवला होता, मोठ्या अक्षरांत तेच दोन शब्द.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. रियाज करून राहिलो. आता विसरणार नाही." मग म्हणाले, "तुझा फोन वाजला का?"

वाजत होता. माझ्या पर्समध्ये.

चहा पिताना त्यांनी टॅब्लेट पुढे केला. त्यावर ते कॅरम खेळतात. रोज एकाच अनोळखी माणसाशी खेळतात, तो कुठला ते त्यांना माहीत नाही, पण रीबाउंडचा फटका त्याला जमत नाही हे माहीत आहे. मला फोनवरचा कारखाना उभारायचा खेळ आवडतो, पट्ट्यांवरून माल पुढे सरकवायचा. बाबांनी एकदा माझ्या खांद्यावरून पाहून सांगितलं होतं, "तुझी तपासणी शेवटी आहे. आधी पाहिजे. खराब माल पूर्ण बनवून मग फेकून राहिली तू." तेव्हा मी तो खेळ मोडून परत मांडला आणि उत्पादन दुप्पट झालं.

"हे पुण्याला चालून राहील का?" त्यांनी टॅब्लेटकडे बोट दाखवलं.

"चालेल. कुठेही चालेल."

"बरं. मग बाकी काय न्यायचं." ते घराकडे पाहत नव्हते, टॅब्लेटकडेच पाहत होते. आणि मी तेव्हाही काही बोलले नाही.

रविवारी दुपारपर्यंत तारा सुटून नीट गुंडाळल्या गेल्या. प्रत्येकीला रबर लावून चिठ्ठी चिकटवली. करायला दुसरं काही उरलं नाही. तेव्हा मी त्या बाईंना ग्रुपवर उत्तर लिहिलं. लिहिलं की डबा घेऊ नका, आणि घेतलाच तर आईला जमिनीवर बसवून विचारा की घाबरल्यावर ती काय म्हणेल, आणि तेच भरा, जसंच्या तसं. आमचे बाबा गुरुवारी दीड तास पडून होते. ते त्यांच्या भाषेत मदत मागत होते आणि मी यंत्रात दुसऱ्याच कुणाची भाषा भरली होती. चूक बाबांची नाही, यंत्राची थोडी आहे, माझी सगळ्यात जास्त. दिवाळीतला व्हिडिओ काढून टाकला.

नवऱ्यानं ते वाचलं. "दादाला सांगितलंस?"

"नाही."

"मग हे आधी का टाकलंस?"

उत्तर त्यालाही माहीत होतं. दोनशे लोकांना सांगणं मला एका भावापेक्षा सोपं वाटलं.

सोमवारी सकाळी सात वाजता मी दादाला सतराच्या सतरा ओळी पाठवल्या आणि पाच मिनिटांनी फोन लावला.

"हे कधी पाहिलंस तू?"

"शुक्रवारी."

"आणि आज सांगतेस."

"हो."

"ते वाक्य कोणी ठरवलं होतं?"

"मी. ते नको म्हणत होते."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्यानं एक ओळ मोठ्यानं वाचली, "थंड लागून राहिलं." आणि म्हणाला, "बुधवारी येतो. तिकीट काढलंय. न्यायला येतो असं नाही म्हणत. बघू. पण तू असं परत करू नकोस."

"नाही करणार."

कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सतरा ओळी मोठ्या अक्षरांत छापल्या. घराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून बिनतारी बेल घेतली, बटण वेगळं, घंटा वेगळी, आणि मदन महालला गेले.

बाबांनी कागद तपासणीच्या अहवालासारखा वाचला, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. गजराच्या ओळीला त्यांना हसू फुटलं. "गजर लावून राहिला लेकाचा! मी फरशीवर, अन् हा वेळ विचारून राहिला." शेवटच्या ओळीपर्यंत गेले. कागद मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही."

"मग तू त्या दिवशी गोंधळले असतील काहून म्हटलं?"

"ते सोपं होतं, बाबा."

त्यांनी मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकून घेतलं, ते कळलं नाही. मी विचारलंही नाही.

"दादाला माहीत आहे?"

"सकाळी सांगितलं. ग्रुपवरही टाकलं काल."

"ग्रुपवर काहून? तिथं माझी इज्जत आहे."

"तुमची नाही गेली. माझी गेली."

"मग ठीक," ते म्हणाले. "चहा ठेव."

चहा झाल्यावर मी ॲप उघडून रिकाम्या नऊ जागांवर बसले. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. अरे कोणी आहे का. पोरीला बोलाव. उठता नाही येऊन राहिलं. मदद करो भैया. भाषेचा पर्याय बदलला, यादीतलं माझं नाव पुसून 'पोरगी' लिहिलं. सहा वाक्यं झाल्यावर बाबा म्हणाले, "बस. इतक्या प्रकारे नाही पडत मी." भिंतीवरचा कागद त्यांनी स्वतःच उजव्या हातानं काढला. थाळी आणि चमचा मी परत पलंगाखाली सरकवला.

घंटा भाभींच्या स्वयंपाकघरात लावून आले. त्या म्हणाल्या, "दीदी, दिन में दस बार बजाएँ, हम आ जाएँगे." बटण बोळात लावायचं होतं. मी ते विजेच्या बटणांच्या रांगेत, खांद्याच्या उंचीवर धरून पाहिलं. मग तिथेच फरशीवर आडवी झाले, ते पडले होते त्या बाजूला तोंड करून. फरशी गार होती.

बाबा दारात आले. "काय करून राहिली?"

"मोजून राहिली," मी म्हणाले.

हात वर केला, भिंतीवर जिथपर्यंत पोचला तिथे पेन्सिलीनं खूण केली. मग ती खूण चार बोटं खाली घेतली, कारण माझा हात त्यांच्यापेक्षा लांब आहे, आणि बटण तिथे चिकटवलं.